त्रिरश्मीचा हिशेब : २०२७च्या तोंडावर नाशिकच्या बौद्धांपुढचे काम

२०२७ या वर्षात नाशिकमध्ये दोन मोठ्या गोष्टी घडणार आहेत. फेब्रुवारीत जनगणनेचे प्रगणक घरोघरी येतील आणि १ मार्च २०२७ ही तारीख धरून देशाची शिरगणती होईल. या वेळी जातीचीही नोंद होणार आहे. त्यानंतर काही महिन्यांतच गोदावरीच्या काठी सिंहस्थ कुंभमेळा भरेल. त्यासाठी सरकारने स्वतंत्र प्राधिकरण उभे केले आहे. नाशिक म्हणजे कुंभनगरी, ही ओळख देशभर पुन्हा एकदा ठसवली जाईल.

याच शहरापासून साधारण आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत, त्रिरश्मीचा डोंगर आहे. त्याच्या कुशीत २४ लेणी आहेत. पायथ्याशी बुद्ध स्मारक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये श्रीलंकेच्या अनुराधपूरहून आणलेले बोधिवृक्षाचे रोप तिथे लावले गेले. दर रविवारी, बुद्धपौर्णिमेला, १४ एप्रिलला आपण तिथे जातो. पांढरे कपडे घालतो, त्रिशरण-पंचशील घेतो, फोटो काढतो आणि उतरतो. पण त्या लेण्यांच्या भिंतींवर काय कोरले आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे?

हा प्रश्न टोचण्यासाठी विचारलेला नाही. बुद्धगयेच्या महाबोधी महाविहाराचे व्यवस्थापन बौद्धांच्या हाती यावे, यासाठी फेब्रुवारी २०२५ पासून नवे आंदोलन उभे राहिले आणि महाराष्ट्रातला तरुण त्यात हिरिरीने उतरला. १९४९च्या बुद्धगया मंदिर कायद्याने व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य ठेवले, शिवाय अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे दिले. हे अन्यायाचे आहे आणि ती लढाई लढलीच पाहिजे. पण वारसा मागणाऱ्याने आपल्या दारातला वारसा वाचलेला असावा. नाशिकच्या बौद्धांच्या दारातला हा वारसा दोन हजार वर्षांपूर्वी धम्म कशाच्या बळावर पसरला आणि टिकला, याचे उत्तर अगदी रोकड्या भाषेत देतो.

लेणी कोणाची?

पहिला प्रश्न नावाचा. रस्त्यावरच्या पाट्यांवर, नकाशांवर, रिक्षावाल्याच्या तोंडी हा डोंगर 'पांडवलेणी' आहे. महाराष्ट्रात जिथे जिथे जुनी लेणी आहेत तिथे तिथे पांडव येऊन राहिल्याची आणि एका रात्रीत लेणी कोरल्याची गोष्ट आहे. लिपी विसरली गेली, वाचणारे उरले नाहीत, तेव्हा लोकांनी आपल्याला माहीत असलेल्या बलवान माणसांची नावे डोंगराला दिली. यात सामान्य माणसाचा कट शोधण्याची गरज नाही. पण आता लिपी वाचता येते, लेखांची वाचने छापून शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत, तरीही तेच नाव चालवत राहणे हे अज्ञान नसून आळस आहे.

कारण डोंगर स्वतःचे नाव सांगतो. शिलालेखांत त्याला 'तिरण्हु' म्हटले आहे. 'त्रिरश्मी' हे त्याचेच संस्कृत रूप. नाशिकचे नावही तिथे आहे, 'नासिक' असेच. लेखांत पुन्हा पुन्हा येणारे 'गोवर्धन' हे त्या काळातले प्रशासनाचे ठाणे. आज गंगापूर रस्त्याने गेलात तर त्याच नावाचे गाव लागते. आणि 'लेण' हा शब्दही तिथलाच. आपण 'लेणी' म्हणतो तो शब्द या भिंतींवर प्राकृतात कोरलेला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच दिवशी पाली आणि प्राकृत यांनाही दिला. मराठीचे वय सांगताना सातवाहनकाळच्या ज्या प्राकृत लेखांचा आधार घेतला जातो, त्यांतले कितीतरी लेख बौद्ध लेण्यांतले आहेत. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने, तो कोणत्याही धर्माचा असो, हे लक्षात ठेवावे.

फिरणारा भिक्खू डोंगरात का थांबला?

धम्माची सुरुवात चालण्यातून झाली. बुद्धगयेत सम्यक संबोधी मिळाल्यावर तथागत सारनाथपर्यंत चालत गेले. तिथे पाच जणांना दुःख, दुःखाचे कारण, दुःखाचा निरोध आणि निरोधाचा मार्ग ही चार आर्यसत्ये सांगितली. पुढे साठ भिक्खू झाले तेव्हा त्यांना वेगवेगळ्या दिशांना पाठवले आणि एका वाटेने दोघांनी जाऊ नये असे बजावले. जात्याच फिरता असा हा धर्म होता. मग त्याला दगडात घर का लागले?

उत्तर विनयात आहे. पावसाळ्यात भिक्खू फिरतात, हिरवी रोपे आणि लहान जीव तुडवतात, अशी तक्रार लोकांनी केली. लोकांचे ऐकून नियम झाला : पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचे. हाच वर्षावास. आज आपल्या विहारांत आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते, त्याचे मूळ इथे आहे. सह्याद्रीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको. इथे चार भिंती आणि छप्पर लागणारच, आणि कातळ भरपूर होता.

धम्म या बाजूला आला कसा? पाली परंपरा याची एक जुनी आठवण जपते. सुत्तनिपातात बावरी नावाचा ब्राह्मण गोदावरीच्या काठी राहतो आणि आपले सोळा शिष्य बुद्धांकडे प्रश्न घेऊन पाठवतो. ते प्रतिष्ठान म्हणजे पैठण, मग माहिष्मती, उज्जैन, विदिशा असे करत राजगृहापर्यंत पोहोचतात. त्यांतला वृद्ध पिंगिय परत येऊन बावरीला ऐकलेले सांगतो. गोदावरीकाठी धम्माची वार्ता अशी आली, असे ही परंपरा मानते. पुढे सम्राट अशोकाच्या काळात महाधम्मरक्खित थेर महाराष्ट्रात आणि धम्मरक्खित नावाचे यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे थेर अपरान्तात, म्हणजे कोकणात धाडले गेले, असे महावंस सांगतो. कोकणात नालासोपाऱ्याजवळ अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आहेत, तेव्हा ही नुसती कथा नाही.

सोपारा आणि कल्याण ही बंदरे, तिथून घाट चढून येणारी वाट, वाटेवर नाशिक, पुढे पैठण. माल या वाटेने जात होता आणि भिक्खूही. त्रिरश्मीचा डोंगर या वाटेवर आहे. व्यापाऱ्याला मुक्कामाला सुरक्षित जागा हवी होती, भिक्खूला भिक्षा देणारी वस्ती हवी होती. गावाच्या फार जवळ नाही, फार दूर नाही, अशी जागा भिक्खूंनी निवडली. आजही शहर वाढत वाढत डोंगराच्या पायथ्याला भिडले आहे, यावरून ती निवड किती नेमकी होती हे कळते.

दगडावरची खातेवही

आता भिंतीकडे येऊ. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांतल्या एकाचा मजकूर प्रत्येक विहाराच्या कार्यकारिणीने वाचावा असा आहे.

उषवदाताने लेणे कोरून 'चातुदिस संघा'ला, म्हणजे चारी दिशांच्या संघाला दिले. सोबत ३००० कार्षापण दिले. पण हे पैसे त्याने भिक्खूंच्या हातात ठेवले नाहीत. गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे, ते ठेव म्हणून ठेवले. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १००० कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीच परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट. २०००च्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी.

गणित करून पाहा. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०. वर्षाचे २४०. वीस भिक्खू गुणिले बारा, २४०. एका कार्षापणाचाही फरक नाही. उरलेल्या १०००चे वर्षाचे व्याज ९० कार्षापण, ते इतर किरकोळ खर्चाला. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असेही लेखात म्हटले आहे. ठेव, व्याजदर, लाभार्थी, खर्चाचे कारण, जाहीर वाचन, लेखी नोंद, हे सगळे एकाच लेखात.

यात धम्माचा गाभा दिसतो की नाही? भिक्खूने पैशाला हात लावायचा नाही, पण भिक्खू उघडा राहू नये याची जबाबदारी समाजाची. दान एकदा देऊन मोकळे होण्याचे नाही, दरवर्षी चालू राहण्याचे. दान कोणा एका भिक्खूला दिलेले नाही. ते संघाला आहे, आणि संघ कोणाच्या मालकीचा नाही. 'चारी दिशांचा' म्हणजे आज जो आला तो आणि उद्या जो येईल तोही.

त्याच लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे, तेली अशा श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. कशासाठी? संघातल्या आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. आजाऱ्याची सेवा म्हणजे माझीच सेवा, अशा अर्थाचे बुद्धांचे सांगणे विनयात आहे. विष्णुदत्तेने त्या उपदेशाची कायमची व्यवस्था लावली.

आणि दाते कोण? चैत्यगृह आहे अठरा क्रमांकाचे. त्याच्या दर्शनी भागावर धंभिक गावच्या लोकांचे दान नोंदले आहे. ते चैत्यगृह पूर्ण करवून घेणारी भट्टपालिका ही एका राजअधिकाऱ्याची मुलगी आणि दुसऱ्याची पत्नी. पण लेखात देणारी म्हणून नाव तिचे आहे. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडून आलेला यवन. त्याच्या मुलाचे नाव धम्मरक्खित. चोविसाव्यात दशपूरचा रहिवासी असलेला वुधिक नावाचा शक, व्यवसायाने लेखक. आठव्यात मुगुदास, 'दासक'. अभ्यासकांनी या शब्दाचा अर्थ मासेमार असा लावला आहे. ग्रीक, शक, राजघराण्यातल्या स्त्रिया, लिहिणारा, मासे धरणारा, सगळ्यांची नावे एकाच डोंगरावर, एकाच लिपीत.

धम्माचा प्रसार कसा झाला, असे परीक्षेत विचारले की आपण राजाश्रय, महेंद्र-संघमित्रा, धम्मदूत असे मुद्दे लिहितो. ते बरोबरच आहेत. पण त्रिरश्मीवर आणखी एक कारण स्पष्ट दिसते. दान द्यायला जन्माची अट नव्हती. परदेशी माणूस इथे उपासक होऊ शकत होता, मासेमार लेणे देऊ शकत होता. ज्या समाजरचनेत माणसाची जागा जन्माने ठरत होती, तिच्याशेजारीच हे चालू होते.

राजांच्या मोहात पडू नका

इथे आपल्याच लोकांना एक गोष्ट सांगावी लागेल. समाजमाध्यमांवर 'सगळे सातवाहन राजे बौद्ध होते' असे मजकूर फिरतात. दगड तसे म्हणत नाही.

तिसऱ्या क्रमांकाच्या देखण्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. हे लेणे तिने भद्रायणीय शाखेच्या भिक्खूंना दिले. त्याच लेखात ती आपल्या मुलाची स्तुती करते : त्याने क्षहरातांचा नि:पात केला, द्विजांच्या कुटुंबांची भरभराट केली आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला. संघाला लेणे देणारी राजमाता मुलाने वर्णसंकर थांबवला याचा अभिमान त्याच भिंतीवर कोरून ठेवते. उषवदातही एकीकडे संघाला लेणे देतो, दुसरीकडे ब्राह्मणांना लाखोंनी गाई दिल्याचे सांगतो.

राजे दोन्ही घरी पाट मांडून बसत होते. हे मान्य केल्याने आपला इतिहास लहान होत नाही, उलट नेमका होतो. राजाच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या गोष्टीचे काय होते, तेही याच लेण्यात कळते. गौतमीपुत्राने आपल्या अठराव्या वर्षी भिक्खूंना एक शेत दिले होते. चोविसाव्या वर्षी त्याला पुन्हा आज्ञापत्र काढावे लागले. ज्या गावात ते शेत होते तिथे वस्ती उरली नव्हती, शेत कसले जात नव्हते. म्हणून नगराच्या सीमेवरची १०० निवर्तने राजकीय जमीन बदली दिली गेली. कागदावर दान होते, पण कसणारा नव्हता. त्या सहा वर्षांत भिक्खूंना त्या शेतातून काय मिळाले असेल, याचा विचार करा.

शतके गेली. सातव्या शतकात चिनी भिक्खू युआन श्वांग महाराष्ट्रात आला, तेव्हा त्याने इथे शंभराच्या आसपास संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याची नोंद केली. म्हणजे धम्म तेव्हाही जिवंत होता. पुढे व्यापाराची ती वाट क्षीण झाली, ठेवी सांभाळणाऱ्या श्रेणी विस्कटल्या, राजांचे दान देवळांकडे आणि अग्रहारांकडे वळले, बौद्धांवर वैचारिक आणि सामाजिक दडपण वाढले. लेणी राहिली, ती चालवणारे गेले. मग पांडव आले.

आठ किलोमीटर आणि दोन हजार वर्षे

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीत काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुष नाशिकच्या रस्त्यावर उतरले. दादासाहेब गायकवाडांनी पुढची काही वर्षे तो लढा अंगावर घेतला. मार, तुरुंग, गावोगावचे बहिष्कार लोकांनी सोसले. दार उघडले नाही.

ज्या डोंगरावर मासेमाराचे नाव दाता म्हणून कोरले आहे, तिथून काही किलोमीटरवर, दोन हजार वर्षांनंतर, कष्टकऱ्याला देवळाची पायरी बंद होती. सत्याग्रहींपैकी कितींना तो डोंगर कोणाचा हे ठाऊक असेल? त्यांच्यासाठीही तो पांडवांचाच होता. इतिहास हिरावला जातो तो असा.

१९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून हा सत्याग्रह थांबवण्याचा सल्ला दिला. लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण तो सुरू केला नव्हता, आपल्या माणसांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून तो होता, असे त्यांनी स्पष्ट केले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. पुढे एकवीस वर्षे अभ्यास करून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतली. काळाराम, येवला, नागपूर ही वाट आपण सगळे जाणतो. त्रिरश्मी त्या वाटेच्या कडेला पहिल्या दिवसापासून उभा होता.

गोदावरीचे पाणी

सिंहस्थाच्या काळात काही तरुणांना वाटेल की स्नान करणाऱ्यांची खिल्ली उडवणे हे आपले कर्तव्य आहे. तसे नाही. थेरीगाथेतली पुण्णिका आठवा. ती पाणी भरणारी दासी. कडाक्याच्या थंडीत नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की पाण्याने पाप जात असेल तर मासे, बेडूक, कासवे आधी स्वर्गात जातील. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही वाहून नेणार नाही का? प्रश्न धारदार आहे, पण तो समोरच्या माणसाला विचारलेला आहे, त्याच्या पाठीमागे हसून नव्हे. तो ब्राह्मण शेवटी धम्माला शरण येतो.

शुद्धी पाण्यात नाही, कर्मात आहे. कारणाशिवाय काही घडत नाही. माणूस आचरणाने मोठा होतो. हे धम्माचे मूळ सांगणे आहे आणि ते सांगण्याचा अधिकार आपल्याला आचरणानेच मिळतो. सिंहस्थाला येणारे लाखो लोक आपले शत्रू नाहीत. त्यांतले काही जण त्रिरश्मीच्या पायऱ्याही चढतील. त्यांना तिथे काय ऐकायला मिळेल, पांडवांची गोष्ट की विष्णुदत्तेच्या औषधाच्या ठेवीची, हे काही अंशी आपल्यावर आहे.

मग काय करायचे?

पहिले, वाचायला शिका. धम्मलिपी म्हणजे ब्राह्मीची मुळाक्षरे नेटाने बसले तर थोड्या आठवड्यांत येतात. लेणी संवर्धनाचे काम करणारे तरुणांचे गट अशा कार्यशाळा घेतात. आपल्या विहारात त्यांना बोलवा. पुणे विद्यापीठात पालीचा विभाग आहे. बौद्ध घरांतल्या मुलांनी तो पर्याय डोळ्यांसमोर ठेवावा. २०२१ मध्ये पावसाळ्याआधीच्या साफसफाईत याच डोंगरावर आणखी काही लहान लेणी उजेडात आली. डोंगराने आपले सगळे अजून सांगितलेले नाही. ते ऐकायला आपल्यातले अभ्यासक हवेत.

दुसरे, फलकांची मागणी करा. सिंहस्थानिमित्त शहरात पाट्या नव्याने लागणार आहेत. 'त्रिरश्मी बौद्ध लेणी' हे नाव रस्त्यावर, बसथांब्यावर, पर्यटनाच्या नकाशावर यावे. प्रत्येक महत्त्वाच्या लेण्यासमोर तिथल्या लेखाचा मराठी, हिंदी आणि इंग्रजी अर्थ लिहिलेला असावा. ही मागणी पुरातत्त्व खाते, महानगरपालिका आणि कुंभमेळा प्राधिकरण यांच्याकडे लेखी द्या, पोच घ्या, पाठपुरावा करा. गर्दीच्या दिवसांत लेण्यांच्या भिंती, पायऱ्या, पाण्याची टाकी यांचे रक्षण कसे होणार, हेही विचारा. आणि स्वतः आदर्श ठेवा : भिंतीवर हात नको, मेणबत्तीची काजळी नको, नाव कोरणे तर नकोच.

तिसरे, जनगणना. २०११ मध्ये देशात ८४ लाखांच्या वर बौद्ध नोंदले गेले, त्यांतले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रातले. सवलत जाईल या भीतीने अनेक घरांत धर्माच्या रकान्यात वेगळेच लिहिले जाते. १९९०च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींचे संविधानिक हक्क मान्य झाले आहेत. धर्म 'बौद्ध' लिहिल्याने ते जात नाहीत. जातीच्या रकान्यावरून आपल्यात मतभेद आहेत. जात नाकारणाऱ्याने ती लिहावी का, हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण अनुसूचित जातींच्या मोजणीत यादीतलेच नाव धरले जाते, 'नवबौद्ध' हे जातीचे नाव नाही, हे प्रत्येक घराला आधी समजावून सांगा. मग निर्णय घराने घ्यावा. प्रगणक दारात आल्यावर चर्चा सुरू करून उपयोग नाही.

चौथे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे : विहाराचा हिशेब. आपल्या वस्त्यांत विहार वर्गणीतून उभे राहतात. मूर्ती येते, उद्घाटन होते, आणि मग कितीतरी ठिकाणी आठवड्याचे सहा दिवस कुलूप असते. बांधकामाला पैसे जमतात, चालवायला जमत नाहीत. उषवदाताच्या त्या लेखाने नेमका हाच प्रश्न सोडवला होता. लेणे कोरून झाल्यावर चालू खर्चाची ठेव त्याने वेगळी काढली.

पन्नास घरांनी महिन्याला शंभर रुपये काढले तर वर्षाला साठ हजार होतात. पाच वर्षे मुद्दलाला हात न लावता बँकेत ठेवले तर तीन लाख आणि वर व्याज. त्या व्याजातून अभ्यासिकेचे वीजबिल, काही पुस्तके, वर्षावासात येणाऱ्या भन्तेंचा औषधपाण्याचा खर्च निघू शकतो. नियम तोच ठेवा : मुद्दल मोडायचे नाही, खर्चाचे कारण आधी ठरवायचे, आणि दर पौर्णिमेला हिशेब सर्वांसमोर वाचायचा. निगमसभेत वाचला जायचा, तसाच. गटबाजीचे निम्मे रोग यानेच बरे होतील. खजिनदारी महिलांकडे द्या. भट्टपालिका आणि विष्णुदत्ता यांच्या डोंगराशेजारी राहणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

अर्धवट राहिलेले लेणे

विसाव्या क्रमांकाच्या लेण्यात यज्ञश्री सातकर्णीच्या सातव्या वर्षीचा लेख आहे. बोपकी नावाच्या यतीने हे लेणे कोरायला घेतले होते. ते अपुरे राहिले आणि बरीच वर्षे तसेच पडून होते. मग महासेनापती भवगोपाची पत्नी वासु हिने ते पूर्ण केले आणि चारी दिशांच्या संघाला राहायला दिले. लेखात तिने बोपकीचे नाव गाळले नाही. सुरुवात त्याची, हे दगडावर लिहून ठेवले.

१९५६ मध्ये बाबासाहेबांनी जे सुरू केले ते पूर्ण व्हायला त्यांना दोन महिनेही मिळाले नाहीत. दादासाहेबांच्या पिढीने आपल्या परीने ते पुढे नेले. आता ते आपल्या हातात आहे. येत्या रविवारी त्रिरश्मीवर जाल तेव्हा विसाव्या लेण्यात थोडे थांबा. वही आणि पेन सोबत न्या. आणि खाली उतरल्यावर आपल्या विहाराचे कुलूप उघडा.

नमो बुद्धाय. जय भीम.